यंत्रागणिक एक पुस्तिका

खोली रिकामी करायचं काम लिझेटने स्वतःहून मागून घेतलं होतं.

कॅनडातल्या ग्रांद-बार गावच्या हॉस्पिटलात तळघरातल्या बॉयलरच्या पलीकडे, यंत्रदुरुस्ती विभागाला लागून ती लांबट खोली होती. भिंतींना छतापर्यंत लोखंडी मांडण्या आणि मांडण्यांवर नुसत्या पुस्तिका: सलाइनच्या पंपांच्या, मॉनिटरांच्या, रक्तदाब मोजायच्या यंत्रांच्या. एकाच जातीच्या पंपाची तीच ती निळी पुस्तिका ओळीनं उभी असे, इतकी की मांडणीच्या या टोकाकडून त्या टोकापर्यंत नुसता निळा पट्टा दिसावा. फरक एवढाच, की प्रत्येकीच्या पाठीवर एक पांढरी चिठ्ठी आणि चिठ्ठीवर त्या त्या पंपाचा हॉस्पिटलातला नंबर. पंप दोनशे, तर पुस्तिका दोनशे. पंप भंगारात गेला तरी पुस्तिका जागेवरच.

सगळे तिला 'रेयालची लायब्ररी' म्हणत. रेयाल हाशे म्हणजे लिझेटचे वडील, तिचे पापा. उभी हयात त्यांनी इथं यंत्रं दुरुस्त करण्यात घालवली आणि निवृत्त झाल्यावरही दर शुक्रवारी येऊन ही खोली सांभाळली. मागच्या ऑक्टोबरात ते गेले. तेव्हापासून खोलीला कुलूप होतं, आणि लिझेट वर खरेदी विभागात बसून होती. तळघरात उतरायचं काम निघालं की ती दुसऱ्या कुणाला तरी पाठवत असे.

एप्रिलमध्ये मात्र उतरावं लागलं. हॉस्पिटलाचे नवे संचालक, ओब्रे, फ्रेडरिक्टनहून येऊन महिनाच झाला होता. डायलिसिसच्या खुर्च्या वाढवायला जागा हवी होती. गावातली म्हातारी माणसं आठवड्यातून तीनदा बर्फातून शेजारच्या शहराची वाट तुडवत होती. जागा शोधत ओब्रे चारसहा जणांना घेऊन तळघरात आले आणि ही खोली उघडायला लावली. त्यांनी एक निळी पुस्तिका ओढून काढली, शेजारची काढली, तिच्या शेजारचीही काढली. तिन्ही चाळून पाहिल्या आणि हसले.

"हे कुठल्या वेड्यानं जमवलं?"

डायलिसिसची मुख्य परिचारिका गिलेन एकाएकी स्वतःच्या बुटांकडे पाहू लागली. दुरुस्ती विभागाचा डेल्फिस खोकला. आणि लिझेट म्हणाली, की ही खोली ती रिकामी करून देते, बाहेरची माणसं बोलवायची गरज नाही.

ओब्रेंना आनंदच झाला. जूनमध्ये नवे पंप यायचे होते. त्यांच्याबरोबर पुन्हा एवढाच कागद येणार असेल तर खोली रिकामी करून उपयोग काय, असं त्यांनी विचारलं, आणि ते विचारणं बरोबरच होतं. म्हणून मंगळवारच्या बैठकीत लिझेटने सगळ्यांसमोर सांगायचं ठरलं: हा ढीग झाला कसा, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं.

दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं होतं. अडचण पहिल्याची होती. ढीग कसा झाला हे सांगायचं म्हणजे वडिलांचं नाव घ्यायचं, आणि पापांचं नाव घेतलं की त्या दिवशीचं ते हसू पुन्हा ऐकायचं, या वेळी पुरी खोलीभर. जो माणूस जिवंतपणी कधी कुणाच्या थट्टेचा विषय झाला नाही, त्याला मेल्यावर तसं होऊ देणार नाही, एवढंच तिनं मनाशी धरलं होतं.

ढिगाची सुरुवात तिला ठाऊक होती. घरात सगळ्यांनाच ठाऊक होती. ती शाळेत होती तेव्हा तपासणीला आलेल्या एका बाईनं वॉर्डातल्या एका पंपावर बोट ठेवून याची पुस्तिका दाखवा म्हटलं होतं. पापांनी अभिमानानं आणून दाखवली. ती निघाली पंपाच्या आधीच्या आवृत्तीची. बटणं वेगळी, धोक्याच्या सूचना वेगळ्या. अहवालात तसं लिहिलं गेलं. पापा त्या रात्री जेवले नाहीत. त्यांनी कानाला खडा लावला: यापुढे ज्या खोक्यातून यंत्र येईल त्याच खोक्यातली पुस्तिका त्या यंत्राच्या नावानं ठेवायची. मग चूक व्हायला जागाच नाही. एका अपमानातून निघालेला हा नियम त्यांनी मरेपर्यंत पाळला. लिझेटला त्यात चूक दिसत नव्हती. पण बाहेरच्या माणसाला काय दिसेल, ते तिला तळघरात कळलं होतं.

शनिवारी सकाळी ती एकटीच गेली. वाहनतळाच्या कडेला नांगरून लोटलेलं बर्फ काळं पडून अजून उभंच होतं. तिनं खोलीत दिवा लावला, रिकामी खोकी मांडली आणि पहिली पुस्तिका हातात घेतली. घेतल्यावर लक्षात आलं की हे नुसतं उचलून टाकायचं काम नाही. कागद रद्दीत जायचा तर आधी तारेचं वेटोळं काढायला हवं, शेवटच्या पानाला चिकटवलेल्या पाकिटातली सीडीची तबकडी काढायला हवी, प्लास्टिकचं मुखपृष्ठ वेगळं करायला हवं. चिठ्ठीला तिनं हात लावला नाही. पापांच्या अक्षरातले आकडे थरथरत गेले होते. उजवीकडच्या मांडणीवर ताठ उभे, पुढे पुढे वाकडे, डावीकडच्या शेवटच्या रांगेत तर सातही एक वाटे.

नखानं तार सोडवता सोडवता तिचं बोट कापलं. तेवढ्यात दार वाजलं.

"पक्कड घेतल्याशिवाय बसलीस ना," डेल्फिस म्हणाला. "हाशेंची अक्कल."

डेल्फिस थेरियो. पापांच्या हाताखाली शिकला, त्यांच्यानंतर विभागाचा प्रमुख झाला, आता स्वतःच निवृत्तीला आलेला. लहानपणापासून ती त्याला मोनोंक म्हणे, काका. रक्ताचं नातं काही नव्हतं. त्याच्या एका हातात दोन पकडी होत्या आणि दुसऱ्यात काकवीच्या बिस्किटांचा डबा. त्यानं तिचं बोट पाहिलं, खिशातून चिकटपट्टी काढून लावली आणि समोर खोक्यावर बसला. मग दोघं बराच वेळ तारा उपसत राहिले. तो पटापट करत होता; तबकड्या एका खोक्यात टाकताना प्रत्येक वेळी टक् असा आवाज होई.

तिनं त्याला मंगळवारचं सांगितलं. म्हणाली, की पापांचं नाव न घेता ती सांगणार आहे: पूर्वी तशी पद्धत होती, नियम बदलले, आता गरज नाही.

डेल्फिसनं थर्मासमधून चहा ओतला. बिस्किटाचा तुकडा चहात बुडवून तो विरघळून खाली पडेपर्यंत धरून राहिला.

"नियम बदलले नाहीत," तो म्हणाला. "तसा नियम कधी नव्हताच, पोरी. एका जातीच्या यंत्राची, एका आवृत्तीची, एक पुस्तिका. बस्स. तीसुद्धा संगणकात असली तरी चालते. मी स्वतः विचारलंय."

"कधी?"

"तुझी आई गेली त्या हिवाळ्यात."

ते त्यानं मग तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. त्या हिवाळ्यात तपासणीला दुसरी एक बाई आली होती, बोलायला मोकळी. ही खोली पाहून ती चाट पडली. डेल्फिसला बाजूला घेऊन म्हणाली, एवढं कशाला, मांडणीचे दोन कप्पे पुरे होतील. डेल्फिसला हायसं वाटलं. रेयालला सांगायचं, खोली मोकळी करायची, तिथं सुटे भाग ठेवायचे, असं सगळं ठरवत तो त्या संध्याकाळी त्यांच्या घरी गेला. रेयालना तेव्हा निवृत्त होऊन वर्षही झालं नव्हतं. इव्होनला, म्हणजे लिझेटच्या आईला, पुरून तीन आठवडे झाले होते. पडदे ओढलेले, टेबलावर शेजारणीनं आणून दिलेला फ्रिको, कोंबडीचा रस्सा, तसाच, वर चरबी गोठलेली. रेयाल कोट घालून खुर्चीत बसले होते. कुठं निघालास, असं डेल्फिसनं विचारलं, तर म्हणाले, कुठंच नाही, घालून बघितला.

"मग काय सांगतो मी त्याला," डेल्फिस म्हणाला. "मी म्हटलं, रेयाल, नवीन मॉनिटर आलेत, खोकी पडलीत, नंबर घालायचं काम दुसऱ्या कुणाला जमत नाही. शुक्रवारी येशील का. तो म्हणाला, पोरांनो, तुमच्यानं एक साधी चिठ्ठी लागत नाही. आणि आला."

लिझेटला तो शुक्रवार आठवत होता. तिनं वरच्या खिडकीतून त्यांना वाहनतळातून येताना पाहिलं होतं, दाढी केलेले, कॉलर नीट. त्या हिवाळ्यात रोज सकाळी त्यांना फोन करताना ती वाजणाऱ्या घंटा मोजत असे. उचलतील ना, ही एकच धास्ती. शुक्रवार सुरू झाले आणि ते मोजणं हळूहळू सुटलं. हॉस्पिटलाला अजून त्यांची गरज आहे म्हणून तिनं देवाचे आभार मानले होते. ते आभार चुकीच्या पत्त्यावर गेले, असं आता तिच्या मनात आलं.

"पण मोनोंक, कंपन्यांनी तर मधेच कागद पाठवणं बंद करत आणलं होतं," ती म्हणाली. "सगळं संगणकावर. मग आपल्याकडे इतकी वर्षं..."

बोलता बोलताच ती थांबली. डेल्फिस तिच्याकडे बघत होता, आणि ओठ दाबूनही त्याचं हसू मिशीतून दिसत होतं.

खरेदी विभागात ती नवीन होती तेव्हा एकदा डेल्फिस वर आला होता. यंत्रांच्या प्रत्येक ऑर्डरीच्या तळाशी एक ओळ घाल म्हणाला: प्रत्येक यंत्राच्या खोक्यात त्याची छापील पुस्तिका असलीच पाहिजे. तिनं घातली. कायदाच असणार असं धरून चालली. पुढे एक कंपनीवाला फोनवर कुरकुरला, तर तिनं त्याला ताडकन सुनावलं होतं, की आमच्याकडे तडजोड चालत नाही. ती ओळ अजून तिथंच होती. गेल्या आठवड्यात जूनच्या पंपांची ऑर्डर गेली, तीही त्या ओळीसकट.

म्हणजे ही खोली निम्मी तिनंच भरली होती. दर शुक्रवारी पापांच्या पुढ्यात जे काम येई, ते तिच्या टेबलावरून जात होतं आणि तिलाच ठाऊक नव्हतं. ती हसली. मग हातातली पक्कड खाली ठेवून तिनं तोंडावर हात धरला, आणि डेल्फिस दुसरीकडे बघत तारा उपसत राहिला. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून त्यानं एक मोठी पुस्तिका मुद्दाम सावकाश सोडवली.

"तुम्ही त्यांना फसवलंत," ती शेवटी म्हणाली. शब्द तक्रारीचे होते, आवाज नव्हता.

"मलाही बरेच दिवस तसंच वाटायचं. रात्री झोप लागायची नाही. इतका हुशार माणूस, आणि आपण त्याला पोरखेळ देऊन बसवलाय." डेल्फिसनं चष्मा पुसला. "मग एकदा एका कंपनीनं आपली ओळ वाचलीच नाही. खोकं उघडलं तर आत नुसता कागदाचा एक चिटोरा: पुस्तिका संगणकावर पाहा, छापील प्रत लागत नाही, सगळ्या तपासण्यांना हे चालतं, सगळं स्पष्ट. ते खोकं तुझ्या बापानं उघडलं. चिटोरा वाचला. पुन्हा वाचला. मी इकडे मेलो."

"मग?"

"मग माझ्याकडे बघितलं. चांगलं बघितलं. चिटोऱ्याची घडी घालून केराच्या डब्यात टाकली आणि म्हणाला, डेल्फिस, या लोकांना कळव, आपल्याकडे कागद लागतो. आणि म्हणाला, चहा टाक."

डेल्फिसनं पुढची पुस्तिका ओढली.

"त्याला सगळं कळलं होतं," डेल्फिस म्हणाला. "आणि तो येतच राहिला. मला वाटे माझ्यावर दया करून येतो. त्याच वर्षी माझी बायको मला सोडून मॉन्क्टनला गेली होती ना. मी कुणाशी बोलत नव्हतो. शुक्रवारी तो चिठ्ठ्या लावायचा आणि मी बोलायचो. आता कोण कुणाला सांभाळत होतं, तू ठरव. मला तर आजवर उमगलं नाही."

मंगळवारच्या बैठकीत लिझेटची पाळी शेवटी आली. तिनं आधी जूनचं सांगितलं: एका ऑर्डरीमागे एक छापील प्रत, बाकी संगणकावर, वीज गेली तर हाताशी असावी म्हणून प्रत्येक जातीची एक प्रत दुरुस्ती विभागात, कंपनीशी बोलणी ती स्वतः करते. ओब्रे टिपून घेत होते. मग तिनं पाण्याचा घोट घेतला आणि ढीग कसा झाला ते सांगितलं. सुरुवातीची चूक रेयाल हाशेंची, म्हणाली, आणि ते माझे वडील. पुढचं सगळं आपण मिळून केलं, आणि ऑर्डरी मी काढल्या.

ओब्रेंचं पेन थांबलं. त्यांचे कान लाल झाले.

"मी त्या दिवशी जे बोललो," ते म्हणाले, "मला कल्पना नव्हती."

लिझेट म्हणाली, की असायचं कारणही नव्हतं. एवढे कागद पाहून तीही तेच म्हणाली असती.

मग ज्याची तिला भीती होती ते झालं. कुणीतरी हसलं. ती गिलेन होती. तोंडावर रुमाल धरून ती खांदे हलवत होती, आणि सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून तिनं रुमाल काढला.

"माझंही सांगते आता," ती म्हणाली. "तो निळा पंप मी डोळे मिटून चालवते. वीस वर्षं चालवलाय. आणि दर शुक्रवारी खाली फोन करायचे, रेयाल, अमक्या नंबरच्या पंपाची पुस्तिका जरा वर आणून दे, अडलंय. यायचा बिचारा जिना चढून, उघडून दाखवायचा, हे बटण, ते बटण. मी म्हणायचे, अगं बाई, तू नसतास तर काय झालं असतं. एकदा म्हणतो कसा, गिलेन, तुला निवृत्त करायला हवं, तुझ्या काही ध्यानात राहत नाही."

आता सगळेच हसले. अतिदक्षता विभागाची प्रमुख म्हणाली, की ती बुधवारीच ठरवून ठेवायची, या शुक्रवारी काय विसरायचं. स्वयंपाकघराचा प्रमुख, ज्याचा यंत्रांशी काडीचा संबंध नव्हता, म्हणाला की त्यानं एकदा मायक्रोवेव्हची पुस्तिका मागितली होती आणि रेयालनं ती नंबर घालून आणून दिली. लिझेट एकेकाकडे बघत होती. इतकी वर्षं ती याच माणसांच्या मधून डबा घेऊन जात-येत होती, आणि यांच्यातल्या कुणीही एकदासुद्धा तिला ऐकवलं नव्हतं की बघ, तुझ्या वडिलांसाठी आम्ही काय करतो. तिला आभार मानायचे होते, पण सुरुवात कुणापासून करावी ते कळेना. शेवटी तिनं तेच सांगितलं: सुरुवात कुठून करू कळत नाही. स्वयंपाकघराचा प्रमुख म्हणाला, मग खोलीपासून कर, पकडी किती आहेत?

पकडी कमी पडल्या. तारा सोडवायला जो तो आपल्या सवडीनं तळघरात उतरला. कुणी जेवणाच्या सुट्टीत, कुणी पाळी संपल्यावर. ओब्रेही बाह्या वर करून आले, हात मऊ असल्यामुळे दोनदा टोचून घेतलं, आणि डेल्फिसनं त्यांना हाशेंच्या घराण्यात दत्तक घेतल्याचं जाहीर केलं. मोठ्या पातेल्यात फ्रिको आला. काम करता करता जो तो रेयालची एक गोष्ट सांगत होता, आणि त्यातल्या निम्म्या तरी लिझेटनं कधी ऐकल्या नव्हत्या. दफनाच्या दिवशी सगळे काळ्या कपड्यांत अवघडून उभे होते, कुणाला काही सुचलं नव्हतं. ते सगळं राहिलेलं बोलणं आता होत होतं. चिठ्ठ्यांचं काय करायचं, असं कुणीतरी हळूच विचारलं. लिझेटनं क्षणभर विचार केला आणि म्हणाली, कागदच आहेत, जाऊ देत कागदाबरोबर.

रद्दीचा ट्रक आला तेव्हा खोकी चढवायला इतके लोक होते की चालकाला खाली उतरावंच लागलं नाही.

दुपारी वर येऊन तिनं ऑर्डरीच्या नमुन्यातली ती ओळ पुसली, नवी लिहिली आणि पंपांच्या कंपनीला फोन लावला. तिकडून तोच जुना विक्रेता बोलला, मॉन्ट्रियलचा, पूर्वी तिची बोलणी खाल्लेला. जूनच्या खोक्यांत पुस्तिका घालू नका, एकच प्रत पुरे, असं तिनं सांगितल्यावर त्यानं तिला ते पुन्हा म्हणायला लावलं.

"मॅडम, हे मी तुम्हाला किती वर्षं विनवतोय," तो म्हणाला. "प्रत्येक वेळी तुम्ही ओरडायचात. आमच्याकडे फक्त तुमच्यासाठी वेगळं छापायचे. आता एकदम काय झालं? नियम बदलला का?"

तिनं खिडकीतून खाली पाहिलं. वाहनतळ रिकामा होत होता. डेल्फिस गाडीच्या टपावर डबा ठेवून किल्ली शोधत होता.

"नाही," लिझेट म्हणाली. "ज्यांच्यासाठी मागवत होतो, त्यांचं काम पूर्ण झालं. इतकी वर्षं पाठवत राहिलात, त्याबद्दल तुमचे आभार मानायचे राहिले होते."